शेवटची बाई आली का?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी मला तोरणमाळच्या सहलीची गंमत सांगायला उभे केले आहे. गंमत सांगेनच. पण त्या सहलीत माझ्या हातून एक चूक घडली. ती आधी सांगितल्याखेरीज गंमत सांगण्याचा मला अधिकार नाही.

सहलीची कल्पना निघाली एका फोटोवरून. आपल्या एका सभासद बाईंच्या मुलीने तो कॅनडाहून पाठवला होता. गुडघाभर बर्फ, मागे डोंगरातले गोठलेले तळे, आणि पायांना रुंद जाळीदार चौकटी बांधून उभी असलेली आपली लेक! त्या चौकटींमुळे अंगाचे वजन पसरते आणि पाय बर्फात रुतत नाही. फोटो पाहून कोणीतरी म्हणाले, "आपल्याकडे बर्फ नसेल, पण डोंगर आहे, तळे आहे आणि थंडीही आहे." झाले! पौषात तोरणमाळला जायचे ठरले. आम्ही सातजणी निघालो. पाच धुळ्याच्या, दोघी जळगावच्या.

तोरणमाळ आपल्याला परके नाही. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत ते धुळे जिल्ह्यातच होते. सातपुड्याच्या माथ्यावर, सुमारे ११५० मीटर उंचीवर हे पठार आहे. तेथे यशवंत तलाव आहे, कमळांचे तळे आहे, सीताखाईची खोल दरी आहे, आणि महाशिवरात्रीला यात्रा भरते ते गोरखनाथांचे देऊळ आहे. लोक तेथे उन्हाळ्यात गारव्याला जातात. आम्ही गारव्यात गारवा शोधायला गेलो!

शहाद्याहून जीप केली आणि सात पायरीच्या घाटाखाली ती थांबवून सामान पुढे पाठवून दिले. वरपर्यंत पायी जायचे आणि मावळता सूर्य तलावात पाहायचा, असा माझा बेत होता. पुढारीपण माझ्याकडे होते. निघायला उशीर झालेला. पौषात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मी भराभर चालू लागले, तिघी माझ्या पावलाला पाऊल लावून आल्या. मागच्या तिघींना मी "या हो सावकाश" म्हणून हाक दिली आणि वळून पाहिले नाही.

सूर्यास्त आम्हाला मिळाला. तलावाचे पाणी तांबूस झाले, मग राखाडी. पण अंधार पडला तरी मागच्या तिघी येईनात, आणि हातातली विजेरी एकच, तीही माझ्याजवळ! ते परत फिरून घाटाकडे जाणे मी जन्मात विसरणार नाही.

त्या सापडल्या वाटेजवळच्या एका पाड्यावर, एका पावरा बाईच्या घरात. आपल्या एक वयस्कर मावशी चढताना घामाने भिजल्या होत्या. दम घ्यायला टेकल्या, वारा सुटला आणि भिजलेले सुती कपडे अंगावरच गार पडले. त्यांना हुडहुडी भरली, जीभ जड झाली, बटण लावता येईना. स्वेटर? तो सामानाबरोबर मीच पुढे पाठवला होता.

त्या घरच्या बाईला मराठी जेमतेम येत होते. पण तिने कोणाला काही विचारलेही नाही. मावशींचे ओले कपडे काढून आपले कोरडे लुगडे गुंडाळले, वर गोधडी घातली. आगीला अगदी चिकटून न बसवता थोडे लांब बसवले आणि गुळाचा गरम चहा घोटघोट पाजला. पुढे आपल्या गावच्या डॉक्टरांना विचारले, तर ते म्हणाले, "तिने केले तेच बरोबर. अशा वेळी हातपाय चोळू नयेत, एकदम शेकूही नयेत." ज्या घाटाला आम्ही साहस म्हणत होतो, त्यावरून ती बाई डोक्यावर मोळी घेऊन नेहमी ये-जा करते, हेही तेव्हाच कळले. आम्ही पैसे देऊ लागलो, तिने घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही सातहीजणी तलावावर गेलो. मावशी सर्वांत पुढे, आणि आम्ही त्यांच्या चालीने. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी खोलगट जागी उतरते. म्हणून तळ्याकाठी गारठा अधिक. पाण्यावरून धुके वाफेसारखे उठत होते. काठच्या गवतावर दव गोठून मिठासारखे पांढरे झाले होते. मावशींनी ते बोटावर घेतले आणि म्हणाल्या, "घ्या, तुमचा कॅनडा!" आदल्या दिवशीच्या सूर्यास्तापेक्षा ती सकाळ शंभरपटीने सुंदर होती, कारण ती आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिली.

भगिनींनो, १९७५ साली एव्हरेस्टवर पाऊल ठेवणारी पहिली स्त्री, जपानच्या जुन्को ताबेई, हिनेही १९६९ साली आधी स्त्रियांचे एक गिर्यारोहण मंडळच काढले होते. शिखरावर पाऊल एकीचे पडते, पण त्यामागे मंडळ असते.

तेव्हापासून आमच्या सहलीचे तीन नियम आहेत. स्वेटर आणि विजेरी जिची तिच्याजवळ. घाम आला तर थांबण्याआधी अंगावर कोरडे काही घ्यायचे. आणि पुढारीण सर्वांच्या मागे चालेल. आपल्या मंडळातही कोणी नव्याने आलेली असते, कोणी घरच्या अडचणीने मागे पडलेली असते. पुढे गेलेल्यांनी मधूनमधून वळून विचारावे, शेवटची बाई आली का?

येत्या पौषात पुन्हा जायचे आहे. नावे कार्यवाहबाईंकडे द्यावीत. आणि त्या पाड्यावरच्या बाईसाठी एकेक गोधडी शिवायला आजपासूनच घ्यावी, एवढे सांगून मी आपली रजा घेते.