बोर्डिंगातून आलेल्यांना

आजच्या पदवीधरांनो,

तुमच्यातले कितीजण आश्रमशाळेत नाहीतर वसतिगृहात राहून इथवर आले, हे कळायला हात वर करायची गरज नाही. पंगतीत बसल्याबरोबर ज्याची नजर आधी भाजीच्या पातेल्याकडे जाते आणि मग पुढच्या ताटांकडे, तो बोर्डिंगातला. आपल्यापर्यंत पुरेल का, हा हिशोब त्याचा जन्मभर सुटत नाही.

तुमच्या हातातल्या पदवीवर स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आहे. दर १७ सप्टेंबरला आपण त्यांना हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून आठवतो. मला आज त्यांच्यातला हेडमास्तर आठवतो. निजामाच्या राज्यात माध्यमिक शिक्षण उर्दूतून. अशा काळात, १९२१ साली, आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा उभी राहिली. गाव लहान, पैसा नाही. दिल्लीत कामगार नेते ना. म. जोशी यांचे सचिव म्हणून काम केलेला हा तरुण त्या आडगावी आला, मुख्याध्यापक झाला आणि पुढे १९३५ला अंबाजोगाईला गेला. हैदराबाद स्टेट काँग्रेस, तुरुंग हे सगळं त्यानंतरचं. तुमचं विद्यापीठ १९९४ साली स्थापन झालं, ते एका खेड्यातल्या मास्तराच्या नावाने.

तुम्ही जिच्यात वाढलात, ती मुलांना बोर्डिंगात एकत्र ठेवून शिकवायची रीत त्याआधीपासूनची. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगं काढली, बहुतेक एकेका समाजाची. त्या काळात तेवढ्यालाही धाडस लागलं. १९२४ साली साताऱ्यात भाऊराव पाटलांनी पुढचं पाऊल टाकलं आणि सगळ्या जातींची मुलं एका चुलीवर आणली. त्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. माझं मत विचाराल तर जात मोडायचं काम त्या बोर्डिंगात व्याख्यानांपेक्षा चुलीने जास्त केलं. ज्याच्या हातची भाकरी रोज खायची, त्याच्याशी शिवाशिव किती दिवस पाळणार?

तुम्ही तेच पाहिलंय. पत्र्याची पेटी, तिचं हरवणारं कुलूप, पहाटेची घंटा, हौदावरची रांग, पातळ वरण. उन्हाळ्यात टँकर आला नाही की आंघोळीला सुट्टी, त्याचाही आनंदच! नव्या पोराचं पहिल्या आठवड्यातलं रडणं, आणि त्याला गप्प करणारा, स्वतः मागच्या वर्षी तसाच रडलेला सातवीतला पोरगा. ही माया कुठल्याच गुणपत्रिकेत येत नाही.

पण सगळंच गोड करून सांगणार नाही. डाळीत किडे असतात, अधीक्षक मुक्कामाला नसतात, मुलींच्या संडासाला कडी नसते. दिवाळीच्या सुमाराला आपल्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. आईबापाबरोबर मुलगा गेला तर त्याची शाळा बुडते. मुलगी गेली तर धाकट्याला सांभाळते, पाणी भरते आणि बहुधा शाळेत परत येतच नाही. पुढे तिच्या लग्नाचं बोलणं सुरू होतं. तिला गावातच ठेवून शिकवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत. ती वेळेवर सुरू झाली तर तिचं वर्ष वाचतं. अनुदान डिसेंबरात आलं तर तोवर ती फडावर पोचलेली असते. मुलीच्या शिक्षणावर भाषणं करणाऱ्या आम्हा मंडळींनी या तारखेकडे आधी बघायला हवं होतं.

तुमच्यातले काही शिक्षक होतील, काही ग्रामसेवक, तलाठी, कुणी पंचायत समितीवर निवडून येईल. उद्घाटनाला बोलावतील तेव्हा जाऊ नका. परभणी-परळी गाडीने आपल्या पोखर्णी स्टेशनला उतरा, जवळच्या वसतिगृहात जेवणाच्या वेळी, न सांगता जा. मुलांच्या ओळीत बसा, त्यांच्याच पातेल्यातलं जेवा. मुलींच्या बाजूच्या दारांच्या कड्या बघा. आणि यंदाचं हंगामी वसतिगृह टोळ्या निघायच्या आधी उघडणार आहे का, हे लेखी विचारा.