दिव्यावर आलेला कोसा

भिलाई म्हटले, की डोळ्यांपुढे पोलादाच्या भट्ट्याच उभ्या राहतात. तेथील पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली आणि नोकरीच्या निमित्ताने कितीतरी मराठी कुटुंबे त्या मुलखात स्थिरावली. त्या भिलाईलगतच बोरसी ही वस्ती आहे. मृगाच्या सरी पडून गेल्यावर तिथल्या ओसरीच्या दिव्यावर एखाद्या रात्री वीतभर पंखांचा पतंग येऊन आदळतो. कोणी त्याला वटवाघूळ ठरवते, कोणी केरसुणी आणायला धावते.

श्रोतेहो, केरसुणी क्षणभर बाजूला ठेवून त्याचे पंख निरखावेत. चारही पंखांवर एकेक वाटोळा डोळा असेल आणि त्या डोळ्याच्या मध्यभागी अभ्रकाच्या तुकड्यासारखी पारदर्शक खिडकी असेल, तर तो टसर रेशमाचा पतंग समजावा. छत्तीसगडात या रेशमाला कोसा म्हणतात. आपल्या भंडारा-गडचिरोलीकडेही हाच शब्द आहे. खिडक्या तिकोनी असल्या, तर तो ॲटलस पतंग. रंग फिकट हिरवा आणि मागे लांब शेपट्या असल्या, तर चांद्रपतंग. नर बहुधा तांबूस व मादी पिवळसर किंवा राखी असते. पण रंगावर फार विसंबू नये, मिशा पाहाव्यात. नराच्या मिशा पिसासारख्या रुंद असतात. दूरवरच्या मादीचा गंध तो अंधारात त्यांनीच हेरतो.

त्याला काही खाऊ घालण्याची खटपट मात्र व्यर्थ आहे. या पतंगाला खाण्याजोगे तोंडच नसते! अळी असताना ऐनाची वा अर्जुनाची पाने खाऊन जे अंगी साठले, त्यावर आठवडाभराचे, फार तर थोडे अधिक, आयुष्य काढायचे आणि तेवढ्यात जोडीदार गाठायचा. दिव्याभोवती घिरट्या घालण्यात गेलेली एक रात्र या हिशेबात फार महाग पडते. म्हणून ओळख पटली, की ओसरीचा दिवा मालवावा.

सकाळी जवळपासच्या अर्जुनाच्या डहाळ्या पाहाव्यात. लहान अंड्याएवढा टणक कोसा कडक देठाने लटकलेला आढळतो. वरच्या टोकाला भोक असले, तर पतंग तो भाग आपल्या द्रावाने मऊ करून बाहेर पडला आहे. चांप्याच्या विणकराला असा कोसा नको असतो. त्यातून सलग धागा उलगडत नाही, सूत कातावे लागते. त्यामुळे साडीसाठीचे कोसे बहुधा भोक पडण्यापूर्वीच तापवून आतला जीव मारतात.