यहुद्यांनी ख्रिस्ती माणसाचे दान घ्यावे काय?

(ज्युबिलीनिमित्त पोलादपूर येथे दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या निधीतील काही भाग आपल्या मंडळीबाहेरच्या सत्कार्यास द्यावा असा विचार निघाला, तेव्हा एका वृद्ध गृहस्थांनी आपल्याच जिल्ह्यातील बेने इस्राएल लोकांच्या सभास्थानाचे नाव सुचविले. सूचना सर्वांस आवडली, पण मागून कोणी हळूच विचारले, "आपण देऊ, पण ते घेतील काय? आणि त्यांनी घ्यावे काय?" त्या प्रश्नावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे.

प्रश्न फार जुना आहे. संत लूकच्या शुभवर्तमानातील कफर्णहूमचा शताधिपती आपल्या ओळखीचा आहे. त्या परधर्मी माणसाने यहुद्यांस सभास्थान बांधून दिले होते, आणि यहुद्यांचे वडीलच त्याची रदबदली करण्यास प्रभूकडे आले. उलट एज्राच्या ग्रंथात शेजारचे लोक मंदिर बांधण्यास हात लावू म्हणाले, तर जरुब्बाबेलने त्यांस साफ नकार दिला. मात्र कोरेश राजाने परत केलेली मंदिराची पात्रे त्याच लोकांनी घेतली होती. तालमुदातील कथा तर फारच बोलकी आहे. इराणच्या शापूर राजाच्या मातेने चारशे दिनार रब्बी अम्मी यांस पाठविले. त्यांनी ते घेतले नाहीत. तेच तिने रावा यांस पाठविले. त्यांनी राजसत्तेशी सलोखा राहावा म्हणून ते ठेवून घेतले आणि परधर्मी गरिबांस वाटून टाकले! रावांच्या या युक्तीचे मला मोठे कौतुक वाटते.

आता आपल्या कोकणाकडे वळू. बेने इस्राएलांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यास लागले असे ते परंपरेने सांगतात. तेलाचा घाणा चालवावा आणि शनिवारी तो बंद ठेवावा, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने त्यांच्या मुलांस शाळांत घेतले. १८२९ साली मुंबईस आलेल्या स्कॉटिश मिशनच्या डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली त्यांच्यासाठी मराठीत हिब्रू व्याकरण काढले. हे लोक ख्रिस्ती व्हावेत हा मिशनऱ्यांचा हेतू काही गुप्त नव्हता. बेने इस्राएलांनी विद्या घेतली. बाप्तिस्मा घेणारे अगदी थोडे निघाले. १८३४ साली जन्मलेले जोसेफ इझिकेल राजपूरकर मिशनच्याच शाळेत शिकले, आणि पुढे त्यांनी आपल्या समाजासाठी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. दात्याचा हेतू एक, दानाचे फळ दुसरे! परंतु पुढे १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत समाजाची स्वतःची शाळा काढली, तेव्हा तीस लंडनच्या यहुदी संस्थेचे साहाय्य लाभले. अक्षरे कोणाकडूनही घ्यावीत, पण मुलांचे धर्मशिक्षण आपल्या घरच्या पैशाने व्हावे, ही रेघ मला योग्य वाटते.

त्यांच्या सावधपणाचा आपण राग मानू नये. गोव्यातील विख्यात वैद्य गार्सिया द ऑर्ता बाप्तिस्मा झालेल्या यहुदी कुळातले. ते १५६८ साली वारले; पुढल्या वर्षी त्यांच्या बहिणीस इन्क्विझिशनने जाळले, आणि १५८० साली त्यांची स्वतःची हाडे उकरून जाळण्यात आली. असे शेजारी लाभलेल्या समाजाने देणगीची थैली उलटीसुलटी करून पाहिली तर नवल काय? १९६५ साली व्हॅटिकन परिषदेने यहुद्यांविषयी नवी भाषा बोलली, आणि यहुद्यांस उद्देशून संस्थात्मक मिशनकार्य ख्रिस्तसभा चालवीत नाही व त्यास पाठिंबाही देत नाही, असे २०१५ च्या व्हॅटिकनच्या लेखात स्पष्ट आले. तरी पन्नास-साठ वर्षे म्हणजे काही मोठा काळ नव्हे.

इतर ख्रिस्ती पंथांचा पैसा आज इस्राएलात बराच जातो. रब्बी यहिएल एकस्टाईन यांनी १९८३ साली अमेरिकेत त्यासाठीच संस्था काढली. तिचा पैसा गरिबांच्या कामी आला, आणि काही रब्बींनी तो घेऊ नये असेही बजाविले. मणिपूर-मिझोरामच्या बने मनाशे लोकांच्या इस्राएलास जाणाऱ्या विमानांचा खर्चही ख्रिस्ती दात्यांनी उचलला आहे. यांतील कित्येक दाते यहुद्यांचे परतणे ही प्रभूच्या पुनरागमनाची पूर्वतयारी मानतात. घेणाऱ्यास दुसऱ्याच्या नाटकातील पात्र करणारे असे दान मला रुचत नाही. तथापि भुकेल्या म्हाताऱ्याने दात्याचे मत विचारूनच भाकरी खावी असेही मी म्हणणार नाही.

२०२१ च्या जुलैत तळियेवर दरड कोसळली, महाड पाण्याखाली गेले, आपल्या तालुक्यातही माणसे गाडली गेली. तेव्हा मदतीचे ट्रक कोणाचे हे आपण विचारले नाही. पण धान्याची पिशवी हातात देऊन छायाचित्र काढणारेही आले होते, आणि तेव्हा मान कशी खाली जाते हे या सभेतील पुष्कळांस ठाऊक आहे.

म्हणून माझे मत असे की, छप्पर, औषध, कबरस्तानाची भिंत यांसाठी त्यांनी आपले दान खुशाल घ्यावे. उपासना व शिकवण यांसाठी न घेतल्यास आपण वाईट वाटून घेऊ नये. पैसे पाठविण्यापूर्वी आपल्यातील दोघांनी अलिबागच्या इस्राएल आळीत जाऊन, गरज आहे काय व कशाची, हे विचारावे. नावाची पाटी मागू नये. ते नको म्हणाले तर तीच रक्कम येथल्या एखाद्या शाळेच्या कौलांस लावावी. जायचे ते मात्र शनिवारी नको. त्या दिवशी ते पैशाचा व्यवहार करीत नाहीत.