वारा, जहाज आणि आपली तरुण पिढी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आमच्या लहानपणी नारळी पौर्णिमा जवळ आली की अंगणात शिडाचे कापड पसरले जाई आणि वडीलधारी मंडळी त्याची शिवण तपाशीत बसत. पुढे गलबतांवर यंत्रे आली व शिडे माळ्यावर गेली. “आता वाऱ्याच्या विद्येने पोट भरावयाचे नाही,” असे वडिलांनी सांगितले आणि आम्हीही ते खरे मानले. त्यांचा तो निष्कर्ष निदान अर्धा तरी चुकला, हेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

जगाच्या व्यापारातील ८० टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गे जातो. ही जहाजे बहुतांशी खनिज तेलावर चालतात आणि मानवाने हवेत सोडलेल्या तापवर्धक वायूंपैकी सुमारे ३ टक्के वाटा त्यांचा आहे. जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा १ जानेवारी २०२० पासून साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली गेली. पुढे जुलै २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०५० च्या सुमारास हे तापवर्धक वायू निव्वळ शून्यावर आणण्याचे ध्येय स्वीकारले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यासंबंधीच्या सक्तीच्या नियमांवरील निर्णय एका वर्षाने लांबणीवर पडला हे खरे. तथापि दिशा ठरून गेली आहे.

या प्रयत्नांत वाऱ्याची आठवण पुन्हा झाली, हे विशेष होय. कल्पना मात्र नवी नव्हे. जर्मनीतील आंटोन फ्लेटनर यांनी १९२४ साली ‘बुकाऊ’ नामक जहाजावर शिडांऐवजी दोन उंच फिरते स्तंभ उभे केले. फिरकी देऊन फेकलेला चेंडू हवेत वळतो, हे आपल्या मुलांना ठाऊक आहेच. तेच तत्त्व येथे आहे. स्तंभ फिरू लागला की त्याच्या एका बाजूने हवा वेगाने जाते, दुसऱ्या बाजूस ती मंदावते. दाबातील या फरकामुळे वाऱ्याच्या दिशेशी काटकोनात जोर उत्पन्न होतो. ते जहाज १९२६ साली अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोहोचले. परंतु तेल स्वस्त होते आणि स्तंभांकडे कोणी फारसे वळले नाही.

सुमारे नव्वद वर्षांनी ते पुन्हा उभे राहिले. ‘मर्स्क पेलिकन’ या तेलवाहू जहाजावर २०१८ साली ३० मीटर उंचीचे असे दोन स्तंभ बसविण्यात आले आणि वर्षभरात ८.२ टक्के इंधन वाचल्याचे नोंदले गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘पिक्सिस ओशन’ हे मालवाहू जहाज साडेसदतीस मीटर उंचीची दोन ताठ शिडे घेऊन निघाले. पहिल्या सहा महिन्यांत त्याने दिवसाला सरासरी तीन टन इंधन वाचविले.

येथे अतिशयोक्ती करणे बरे नव्हे. वारा समोरून आला तर ही साधने फारशी उपयोगी पडत नाहीत. बंदरातील पूल व यारी यांची अडचणही असतेच. वारा यंत्राची जागा घेत नाही, त्याचा भार हलका करतो. म्हणून इंधनही बदलावे लागत आहे. २०२३ साली ‘लॉरा मर्स्क’ हे मिथेनॉलवर चालू शकणारे कंटेनरवाहू जहाज सेवेत आले. अमोनियाचेही प्रयोग चालू आहेत.

बंधुभगिनींनो, प्रश्न आपल्या घरात शिरतो तो येथेच. आपल्या कित्येक घरांतील मुलगा आज कोठल्या तरी जहाजाच्या इंजिनखोलीत उभा आहे. मिथेनॉल विषारी असून सहज पेट घेते, आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. अमोनियाची गळती तर श्वासावाटे प्राण घेऊ शकते. हवा शुद्ध व्हावयास हवी, यात दुमत नाही. पण शिक्षणावाचून त्या यंत्रापाशी उभा केलेला खलाशी त्या शुद्धतेची किंमत स्वतःच्या जिवाने मोजील. मुलाला जहाजावर धाडताना पगार किती, हे आपण विचारतो. इंधन कोणते व त्याचे शिक्षण मिळाले काय, हेही विचारावयास शिकले पाहिजे.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. विद्यार्थी साहाय्य निधीतून दरसाल निदान एका मुलास वा मुलीस नव्या इंधनांच्या सुरक्षिततेचे मान्यताप्राप्त शिक्षण द्यावे. आणि ज्या वृद्ध तांडेलांना वाऱ्याचा रोख, मतलई वाऱ्याची वेळ व आभाळाची लक्षणे अजून आठवतात, त्यांच्याकडून ती लिहून घ्यावीत. आज वाऱ्याला अनुकूल मार्ग यंत्रगणक आखून देतो; तथापि वारा म्हणजे काय हे अंगाने जाणणारा माणूस त्या गणकाचे म्हणणे अधिक चांगले पारखील, असा आमचा विश्वास आहे.

माळ्यावरची शिडे केव्हाच कुजून गेली. ती परत यावयाची नाहीत. ती विद्या मात्र अजून काही घरांतून जिवंत आहे. ती माणसे आहेत तोवर आपण हे काम हाती घ्यावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.