विचारशक्ती हरपलेल्या व्यक्तीचे व्यवहार आणि कायदा



व्यापारी कुटुंबांत मृत्युपत्राविषयी आता बरीच जागृती झाली आहे. विमा, मुदत ठेवी यांवर नामनिर्देशनही केले जाते. तथापि ही दोन्ही साधने मृत्यूनंतरच उपयोगी पडतात. पक्षाघाताने किंवा अपघाताने माणूस महिनोन्‌महिने बेशुद्ध राहिला, अथवा स्मृतिभ्रंशाने त्याला देण्याघेण्याचे भान उरले नाही, तर त्या काळात त्याच्या वतीने सही कोणी करावयाची, हा प्रश्न बहुतेक घरांत विचारलाच जात नाही.

विचारला गेलाच, तर उत्तर ठरलेले असते: मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून ठेवले आहे. हा समज अत्यंत घातक होय. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची मनःस्थिती व्यवहारास अक्षम झाली की मुखत्याराचा अधिकारच संपुष्टात येतो. म्हणजे धनी धडधाकट असेतो कागद चालतो आणि ज्या दिवशी त्याची खरी निकड भासते, त्याच दिवशी तो निरुपयोगी ठरतो. कागद नोंदणीकृत असला तरी यात फरक पडत नाही. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्यान्वये धन्याची विचारशक्ती गेल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र करता येते. भारतात तशी तरतूद नाही.

हात लुळा पडला, परंतु बुद्धी शाबूत आहे, अशा खातेदाराची गोष्ट निराळी. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार त्याच्या हाताच्या वा पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमक्ष घेता येतो; त्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. मात्र बेशुद्ध वडिलांचा अंगठा धरून धनादेशावर उठवणे ही लबाडीच आहे, मग ती कितीही सद्‌हेतूने केलेली असो. उद्या भावाभावांत वाद उद्भवला, तर तोच ठसा न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहील.

मग पालक नेमून घ्यावा, असे कोणी म्हणेल. परंतु १८९० चा पालक व पाल्य अधिनियम केवळ अज्ञान मुलांपुरता आहे. मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची सोय १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात होती. २०१८ मध्ये अंमलात आलेल्या नव्या कायद्याने तो रद्द झाला आणि ती सोयही गेली. नव्या कायद्यातील नामनिर्देशित प्रतिनिधी मानसिक उपचारांपुरताच असतो, मालमत्तेला त्याचा हात लागत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व वा बहुविकलांगता असलेल्या प्रौढ अपत्यासाठी मात्र १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समिती पालक नेमते. दीर्घकाळ बेशुद्ध असलेल्याच्या कुटुंबाला उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा एका रुग्णाच्या पत्नीला त्याची पालक नेमले. दिलासा मिळतो खरा, पण अर्ज, वैद्यकीय अहवाल, सुनावणी यांत वेळ जातो. दुकानाचे देणे आणि रुग्णालयाचे बिल तोवर थांबत नाही.

म्हणून शुद्ध शाबूत असतानाच काही गोष्टी उरकाव्यात. खाते 'दोघांपैकी कोणीही अथवा हयात राहील तो' या पद्धतीचे असावे. भागीदारीच्या दस्तात भागीदार अक्षम झाल्यास त्याचा हिस्सा कसा मोजावा व कोणास द्यावा, याचे कलम हवे. एरवी १९३२ च्या भागीदारी कायद्यातील कलम ४४ नुसार दुसरा भागीदार न्यायालयात जाऊन पेढी विसर्जित करण्याची मागणी करू शकतो. मालमत्ता मोठी असेल वा अपत्य परावलंबी असेल, तर १८८२ च्या कायद्याखाली खाजगी विश्वस्तनिधी करता येतो. धनी अक्षम झाला म्हणून विश्वस्तांचे अधिकार संपत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. मुद्रांक व कराचा हिशेब तेवढा जाणकाराकडून आधी करून घ्यावा.

उपचारांचा निर्णय हा वेगळा कागद. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली व २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसह नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करता येते. आपल्या वतीने कोणी बोलावे त्यांची नावे त्यात लिहावी लागतात. एक प्रत महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यावयाची असते. दुसरी त्यांच्यापाशी असावी, ज्यांची नावे त्यात लिहिली आहेत.