विस्मृतीच्या आजारात जेवणाचे ताट



आम्ही डॉक्टर नाही. दिवसभर बँकेच्या काउंटरवर बसतो आणि घरी पत्नीच्या साथीने आईचे करतो. गेली चार वर्षे आईला अल्झायमर आहे. त्या अनुभवाचे दोन शब्द आपणापुढे मांडतो.

१९०६ साली जर्मनीतील डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी या आजाराची पहिली माहिती जगापुढे मांडली. यात मेंदूच्या पेशी हळूहळू नष्ट होतात. आपल्याकडे मात्र 'म्हातारपणी चळ लागला' म्हणून विषय संपवतात. सुरुवातीला आम्हीही तेच केले. जेवून हात धुतल्यावर आई म्हणे, "मला कोणी वाढलंच नाही." एकदा आम्ही शेजाऱ्यांसमोर तिच्यावर ओरडलो. ते आठवले की आजही मान खाली जाते. ती खोटे बोलत नव्हती. जेवल्याची आठवणच तिच्याजवळ राहिली नव्हती. आता आम्ही वाद घालत नाही, केळ्याचे दोन काप हातावर ठेवतो.

पुढे उलटे झाले. ती ताटासमोर नुसती बसून राही. चकाकत्या स्टीलच्या ताटात पांढरा भात तिला नीट दिसत नसावा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात भडक रंगाच्या भांड्यांमुळे अशा रुग्णांचे खाणेपिणे वाढल्याचे आढळले. आम्ही लाल ताटली आणली. चार वाट्या पाहून ती गोंधळे, म्हणून एका वेळी एकच पदार्थ वाढतो. टीव्ही बंद ठेवतो. हाताने खाण्याची आपली रीत येथे फार उपयोगी पडते. वरणात कुस्करलेली भाकरी, मऊ इडलीचे तुकडे ती स्वतः उचलते. आडवे झोपवून कधीही भरवू नये. घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. ताठ बसवावे, एक घास गिळल्यावरच दुसरा द्यावा, जेवणानंतर अर्धा तास बसू द्यावे. वारंवार ठसका लागला किंवा वजन घटू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे. दात, कवळी आणि तोंडही तपासून घ्यावे.

एवढे करूनही ती कधी कधी तोंड फिरवी. एका रात्री पुटपुटली, "पोरं जेवली का?" आणि आम्हाला सारे आठवले. आमच्या लहानपणी ती मजुरी करून येई. टोपलीत भाकरी मोजकीच. आम्हाला वाढून "मला भूक नाही" म्हणे. उरले तर खाई. आजाराने आमची नावेसुद्धा पुसली, पण ती सवय पुसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही आपले ताट घेऊन तिच्यासमोर बसू लागलो. "पोरं जेवताहेत आई, आता तूही जेव." आमचा हात उचललेला पाहून तिचाही हात उचलला जातो. काही दिवशी तेवढ्यानेही जमत नाही. तेव्हा जबरदस्ती करत नाही, तासाभराने पुन्हा वाढतो.

विद्यार्थी मित्रांना एकच विनंती. घरात अशी आजी किंवा आजोबा असतील, तर ताट पुढे सरकवून निघून जाऊ नका. त्यांच्यासोबत जेवायला बसा.