उमेदवार आपला, तर खर्चही आपला
(ठाकुर्ली येथील सभेतील भाषण)



तुम्ही ठाकुर्लीत राहता, लोकलने कामाला जाता; पण घरचं रान अजून पावसावरच आहे. कापूस-ज्वारीचा उत्पादनखर्च भावातून निघत नाही, हे विधानसभेत मांडायला आपला माणूस हवा.

सर्वसाधारण उमेदवाराची अनामत १०,००० रुपये. एक हजार घरांनी दहा-दहा रुपये दिले की भरली. मग एकाच व्यापाऱ्याकडून का घेऊ नये? सावकाराचं बियाणं पेरलं की खळ्यावर पहिलं माप त्याचंच पडतं.

२०१८ साली निवडणूक रोखे आले. देणारा कोण, हे मतदाराला कळत नव्हतं. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. आपल्यात लपवाछपवी नको. दहा रुपयांचीही पावती मागून घ्या. पैसा उमेदवाराच्या निवडणूक खर्चाच्या बँक खात्यातच जाईल. निकालानंतर ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याला हिशेब द्यावा लागतो. तोच गावच्या सभेतही वाचू.

एक गोष्ट आजच सांगतो. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत, तर अनामत जप्त होते. तेव्हा पैसे बुडाले म्हणून रुसायचं नाही. दरसाल आपण पावसाच्या भरवशावर पेरतो. एकदा आपल्याच भरवशावर पेरून पाहू.